मेद, दाह आणि अँटिऑक्सिडंट: एका तर्काचा आढावा

लठ्ठपणा हा साठलेल्या चरबीइतकाच शरीरात मंदपणे धुमसणाऱ्या दाहाचाही विकार आहे, ही गोष्ट गेल्या तीस वर्षांत वैद्यकाने सर्वसाधारणपणे मान्य केली; त्या दाहाला खतपाणी घालणाऱ्या घडामोडींत ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रूपांचा मोठा वाटा असल्याचेही त्याच काळात उघड होत गेले; आणि मग ही रूपे निकामी करणारे पदार्थ आहारातून भरपूर पुरवले तर दाह शमेल व मेदही उतरेल, हा तर्क ओघानेच पुढे आला. या तर्काच्या प्रत्येक पायरीला प्रयोगशाळेतील काही ना काही आधार आहे, म्हणूनच गोळ्या, अर्क आणि ‘सुपरफूड’ विकणाऱ्या बाजाराने तो हातोहात उचलला. माणसांवरील चाचण्यांमध्ये मात्र ही साखळी शेवटच्या दुव्याशी येऊन तुटते. परीक्षानळीत ज्या पदार्थांनी मुक्त मूलकांचा फडशा पाडला, त्यांनी माणसाचे वजन क्वचितच उतरवले आणि काहींनी तर अपायच केला. असे का घडते याचा उलगडा करायचा, तर अँटिऑक्सिडंट म्हणजे शरीरातला गंज पुसून काढणारा बोळा, ही रूढ कल्पनाच तपासून पाहावी लागते.

रसायनशास्त्राच्या भाषेत ऑक्सिडीकरण म्हणजे एखाद्या रेणूने इलेक्ट्रॉन गमावणे. श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनचा बहुतांश भाग तंतुकणिकांमध्ये, म्हणजे अन्नातून ऊर्जा मोकळी करणाऱ्या पेशीतल्या घटकांमध्ये, चार इलेक्ट्रॉन स्वीकारून मुकाट्याने पाणी होतो. पण थोड्या ऑक्सिजनला वाटेतच एखादा सुटा इलेक्ट्रॉन चिकटतो आणि त्याचे सुपरऑक्साइड बनते. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या अशा अस्थिर कणांना मुक्त मूलक म्हणतात. ते शेजारच्या मेदाम्लांतून, प्रथिनांतून किंवा जनुकद्रव्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि ज्याचा इलेक्ट्रॉन गेला तो रेणू पुढच्याकडे हात पसरतो, अशी मालिका सुरू होते. ती मालिका तोडणारा किंवा सुरूच होऊ न देणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. १९५६ साली अमेरिकेतील डेनम हार्मन यांनी वार्धक्याचे मूळ मुक्त मूलकांत असल्याचा सिद्धान्त मांडला, तेव्हा तो बराचसा कल्पनाविलास मानला गेला. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करणारे विकर शोधले, तेव्हा मात्र शरीर ज्याच्यासाठी खास यंत्रणा राखते तो शत्रू खराच असणार, हे पटू लागले. (जैवरासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकरे म्हणतात.) पुढे १९८५ च्या सुमारास जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी ऑक्सिडीकारक द्रव्ये आणि त्यांना आवर घालणारी द्रव्ये यांचा तोल बिघडण्याच्या अवस्थेला ‘ऑक्सिडीकारक ताण’ हे नाव रूढ केले.

या इतिहासातला एक तपशील पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांना सापडलेली यंत्रणा शरीराची स्वतःची होती. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन आणि त्यावर चालणारी विकरे ही संरक्षणाची पहिली फळी. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, गाजर-पालेभाज्यांतली कॅरोटिनॉइडे आणि फळे, मसाले, चहा यांतील पॉलिफिनॉल नावाची तुरट-कडवट द्रव्ये ही आहारातून येणारी मदत. घरचे सैन्य मोठे आणि बाहेरून आलेली कुमक लहान, असे हे प्रमाण आहे. जाहिरातीत ते नेमके उलटे दाखवले जाते.

मेदाचा या सगळ्याशी संबंध जुळला तो १९९३ मध्ये. गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी त्या वर्षी दाखवून दिले की लठ्ठ उंदरांच्या मेदऊतीत टीएनएफ-अल्फा हे दाह पसरवणारे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार होते आणि ते निष्प्रभ केले तर इन्सुलिनचा प्रभाव सुधारतो. लगेच पुढच्या वर्षी लेप्टिन या मेदपेशींतून स्रवणाऱ्या संप्रेरकाचा शोध लागला, आणि चरबी म्हणजे निर्जीव कोठार, ही शतकानुशतकांची समजूत दोन वर्षांत मोडीत निघाली. २००३ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की वजन वाढते तशा मेदऊतीत महाभक्षी पेशी, म्हणजे जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या संरक्षक पेशी, गर्दी करतात. सडपातळ शरीराच्या मेदऊतीत ज्यांचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी, त्या अतिलठ्ठ शरीरात ४० टक्क्यांच्या घरात पोहोचतात.

ही गर्दी का होते, याचे चित्र आता पुष्कळसे स्पष्ट आहे. मेदपेशी फुगत जाते, तिच्यापर्यंत रक्तवाहिन्यांचा विस्तार पुरा पडत नाही, तिला प्राणवायूची टंचाई भासते. ताणलेल्या काही पेशी मरतात आणि त्यांच्याभोवती महाभक्षी पेशी कडे करून उभ्या राहतात. या महाभक्षी पेशींपाशी आणि खुद्द मेदपेशींपाशीही नॅडपीएच ऑक्सिडेज नावाचे विकर असते, ज्याचे कामच मुळी सुपरऑक्साइड तयार करण्याचे आहे. जंतूंवर फवारण्यासाठी निसर्गाने दिलेले हे अस्त्र मेदऊतीत मात्र जंतू नसताना चालू राहते. त्यातून निघालेली क्रियाशील द्रव्ये पेशीतील एनएफ-कप्पा-बी ही कळ दाबतात, ती कळ दाबली की दाहकारक प्रथिनांची जनुके जागी होतात, ती प्रथिने आणखी महाभक्षी पेशींना बोलावतात, आणि चक्र स्वतःच स्वतःला पोसू लागते. २००४ मध्ये ओसाका येथील संशोधकांनी लठ्ठ उंदरांत हे विकर रोखून धरले, तेव्हा मेदऊतीतील ऑक्सिडीकारक ताण घटला, अॅडिपोनेक्टिन हे हितकर संप्रेरक वाढले आणि रक्तातील साखर व मेद दोन्ही सुधारले. ज्या द्रव्याने त्यांनी हे साधले ते अॅपोसायनिन, आयुर्वेदात परिचित असलेल्या कुटकीतही आढळते, हा योगायोग भारतीय वाचकाला सुखावणारा आहे. पण त्याहून बोधक गोष्ट अशी की ते द्रव्य तिथे सांडलेले पाणी पुसत नव्हते, नळ बंद करत होते.

येथवरचा पुरावा उंदरांचा. माणसांत अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील दीर्घकालीन अभ्यासाने २००३ मध्ये नोंदवले की वजन जसे अधिक तसे लघवीतील आयसोप्रोस्टेन अधिक. मेदाम्लांवर मुक्त मूलकांचा आघात होऊन बनणारी ही द्रव्ये ऑक्सिडीकारक ताणाचे सर्वांत विश्वासार्ह मोजमाप मानली जातात. दाहाचे नित्याचे मोजमाप म्हणजे यकृतात तयार होणारे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, ज्याला दवाखान्यात सगळे सीआरपी म्हणतात. तेही वजनाबरोबर चढते. सहसंबंध असा भक्कम आहे. प्रश्न आहे तो बाणाच्या दिशेचा. दाहामुळे लठ्ठपणा की लठ्ठपणामुळे दाह? जन्मतः मिळालेल्या जनुकांच्या फरकांचा उपयोग करून कारण आणि परिणाम वेगळे करणाऱ्या अभ्यासांत वजन वाढवणारी जनुके सीआरपीही वाढवतात, पण सीआरपी वाढवणारी जनुके वजन वाढवत नाहीत. वजन घटवण्याच्या अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर दर किलोमागे सीआरपी लिटरला सरासरी ०.१३ मिलिग्रॅमने उतरते, मग ते वजन आहाराने उतरलेले असो, व्यायामाने वा शस्त्रक्रियेने. याउलट, १०,०६१ हृदयरुग्णांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनाकिनुमॅब या दाहरोधक औषधाच्या चाचणीत दाह स्पष्टपणे उतरला, हृदयविकाराचे झटकेही कमी झाले, परंतु नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण घटले नाही. दाह ही लठ्ठपणाची शाखा आहे, मूळ नव्हे, असाच निष्कर्ष यातून काढावा लागतो. आणि शाखा छाटून मूळ सुकेल ही अपेक्षा ठेवणाऱ्या प्रत्येक अँटिऑक्सिडंट चाचणीकडे याच जाणिवेने पाहिले पाहिजे.

कोणत्या अन्नात किती अँटिऑक्सिडंट, याचे आकडे एकेकाळी फार गाजले. अमेरिकेच्या कृषी खात्याने ‘ओरॅक’ या मोजमापाची एक मोठी यादी प्रसिद्ध केली होती. परीक्षानळीत एखादा पदार्थ किती मुक्त मूलकांना शोषतो, त्यावरून ही क्रमवारी लागे आणि लवंग, दालचिनी, हळद, कोको अशी मंडळी तिच्यात अग्रस्थानी असत. २०१२ मध्ये त्या खात्याने ही यादी स्वतःहून काढून टाकली, कारण या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध जोडता येत नव्हता आणि विक्रेते मात्र तो जोडत सुटले होते. पॉलिफिनॉल आतड्यातून अल्प प्रमाणातच शोषली जातात, यकृत त्यांचे झपाट्याने रूपांतर करते, आणि रक्तात त्यांची जी पातळी उरते ती क जीवनसत्त्वाच्या किंवा युरिक आम्लाच्या तुलनेत नगण्य असते. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची ऑक्सिडीकरणरोधी क्षमता वाढते हे खरे, पण ओरेगॉनमधील संशोधकांनी दाखवल्याप्रमाणे ती वाढ बरीचशी युरिक आम्लामुळे होते, जे फळातील फ्रुक्टोज साखरेच्या विघटनातून बनते. युरिक आम्ल वाढल्याने आकडा सुधारावा आणि त्याच आम्लाने वातरक्त होणाऱ्या रुग्णाची बोटे सुजावीत, हा या मोजमापाचा विनोदच म्हणायचा.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा इतिहास याहून गंभीर आहे. लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात क जीवनसत्त्व आणि कॅरोटिनॉइडे कमी आढळतात, ही निरीक्षणे वारंवार झालेली आहेत. अंशतः आहार तसा असल्याने, अंशतः मेदात विरघळणारी कॅरोटिनॉइडे विस्तारलेल्या मेदऊतीत दडून बसल्याने आणि अंशतः ताणामुळे क जीवनसत्त्व लवकर खर्ची पडल्याने. कमी आहे ते भरून काढावे, असे कुणालाही वाटेल. परंतु मोठ्या मात्रेतील गोळ्यांच्या ज्या विशाल चाचण्या झाल्या त्यांनी या उत्साहावर पाणी ओतले. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली आणि १९९४ मध्ये निष्कर्ष आला की बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक झाला. अमेरिकेतील अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली, कारण तिथे ती वाढ २८ टक्क्यांची होती. २००७ मध्ये ६८ चाचण्यांतील २,३२,६०६ लोकांची माहिती एकत्रित करणाऱ्या विश्लेषणात, अधिक काटेकोर चाचण्या वेगळ्या काढून पाहिल्या असता, बीटा-कॅरोटीन, अ आणि ई जीवनसत्त्व यांच्या गोळ्यांनी मृत्यूचे प्रमाण घटण्याऐवजी थोडे वाढल्याचे दिसले. या चाचण्या लठ्ठपणासाठी नव्हत्या हे मान्य. पण लठ्ठपणाचा उपाय वर्षानुवर्षे घ्यावा लागतो, त्यामुळे दीर्घकालीन सुरक्षिततेचा हा हिशेब बाजूला सारता येत नाही.

दाहापुरते पाहिले तर चित्र थोडे उजळ आहे. कॅलिफोर्नियातील एका चाचणीत धूम्रपान न करणाऱ्या ३९६ व्यक्तींना दोन महिने रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व किंवा ई जीवनसत्त्व दिले गेले. एकूण गटात फरक पडला नाही, पण ज्यांचे सीआरपी आधीच लिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक होते त्यांच्यात क जीवनसत्त्वाने ते सुमारे एक चतुर्थांशाने उतरवले, तर ई जीवनसत्त्वाने काहीच केले नाही. ज्याच्या शरीरात आग आहे त्यालाच पाण्याचा उपयोग, हे सामान्य शहाणपण इथे आकड्यांत उतरले आहे. तसाच दुसरा अपवाद यकृताचा. मद्यपानाशिवाय होणाऱ्या चरबीजन्य यकृतदाहाच्या, पण मधुमेह नसलेल्या २४७ रुग्णांवरील २०१० च्या अमेरिकी चाचणीत ९६ आठवडे ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के रुग्णांच्या यकृताची अवस्था सुधारली, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. वजनात मात्र लक्षणीय बदल झाला नाही. म्हणजे अँटिऑक्सिडंट एखाद्या अवयवातील दाहावर काम करू शकते, वैद्यकीय देखरेखीखाली औषध म्हणून त्याला स्थानही आहे, पण मेदाचा साठा त्याला जुमानत नाही.

या संपूर्ण साहित्यात सर्वांत जास्त विचार करायला लावणारी चाचणी आकाराने अगदी लहान आहे. मिखाएल रिस्टो आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सुमारे ४० तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला आणि त्यांपैकी निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व व ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले. व्यायामाने शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता वाढते, हे सर्वज्ञात आहे. इथे ती फक्त गोळ्या न घेणाऱ्यांत वाढली. गोळ्यांनी व्यायामाचा फायदा पुसून टाकला होता. कारण असे की स्नायूंच्या श्रमात निर्माण होणारी थोडी मुक्त मूलकेच पेशीला ‘संरक्षण वाढव, तंतुकणिका वाढव’ असा निरोप देतात आणि गोळ्या तो निरोप वाटेतच गिळून टाकतात. पुढील काही चाचण्यांत इतका ठळक परिणाम आढळला नाही, हे नोंदवले पाहिजे. तरी मुक्त मूलके ही शत्रू असण्याबरोबर निरोप्येही आहेत, हा या प्रयोगाचा गाभा आज जीवरसायनशास्त्राच्या मुख्य प्रवाहात सामावला आहे.

याच दृष्टीने पाहिले म्हणजे पॉलिफिनॉलांचे कोडेही उलगडू लागते. रक्तात इतक्या क्षीण पातळीला असणारी द्रव्ये मुक्त मूलके टिपून फारसे काही साधू शकत नाहीत. पण पेशीत एनआरएफ-२ नावाचे एक प्रथिन असते, जे एरवी दुसऱ्या प्रथिनाच्या दावणीला बांधलेले असते आणि सौम्य रासायनिक टोचणी मिळाली की दावे सोडवून जनुकांपाशी जाते व शरीराची स्वतःची संरक्षक विकरे वाढवते. कोबी-मुळ्याच्या कुळातील तिखट द्रव्ये, हळदीतील कुर्कुमिन, चहातील कॅटेचिन ही सगळी पेशीला किंचित उपद्रवी असतात, आणि त्या उपद्रवातूनच ती घरच्या सैन्याला जागे करतात. वनस्पतींनी ही द्रव्ये मुळात किडींना दूर ठेवण्यासाठी तयार केलेली असल्याने त्यांचा गुण टोचण्याचा असावा यात नवल नाही. शोषली न गेलेली पॉलिफिनॉल मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथल्या सूक्ष्मजीवांचे संतुलन बदलतात. उंदरांना द्राक्षांची किंवा क्रॅनबेरीची पॉलिफिनॉल दिली असता आतड्याचे अस्तर सांभाळणारा एक जीवाणू वाढला, दाह घटला आणि स्निग्ध आहार असूनही वजनवाढ मंदावली. ‘शोषले जात नाही म्हणून निरुपयोगी’ हा जुना निर्वाळा त्यामुळे बदलावा लागला.

पण यंत्रणा पटण्याजोगी असणे आणि माणसाचे वजन उतरणे यांत बरेच अंतर आहे. द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेरॅट्रॉल हे त्याचे उत्तम उदाहरण. २००६ मध्ये त्याने चरबीयुक्त आहारावरील उंदरांचे आयुष्य वाढवल्याचे वृत्त जगभर पोहोचले. २०११ मध्ये ११ लठ्ठ पुरुषांना रोज १५० मिलिग्रॅम देऊन ३० दिवसांत चयापचय सुधारल्याचे नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवले. आणि २०१३ मध्ये डेन्मार्कमधील लठ्ठ पुरुषांना त्याच्या दहापट मात्रा चार आठवडे देऊनही इन्सुलिनच्या परिणामात काहीच फरक पडला नाही. तांबड्या वाइनच्या एका लिटरमध्ये हे द्रव्य जेमतेम काही मिलिग्रॅम असते, तेव्हा नाशिकच्या द्राक्षमळ्यांत फिरायला जाणाऱ्याने हृदयाच्या आरोग्याची सबब पुढे करण्यात अर्थ नाही. हिरव्या चहाची कथाही फारशी निराळी नाही. चाचण्यांच्या २०१२ मधील पद्धतशीर आढाव्यात त्याने घटवलेले वजन इतके थोडे होते की वैद्यकीयदृष्ट्या त्याला महत्त्व देता आले नाही, आणि २०१८ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने त्याच्या अर्कांतील मुख्य कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक घेतल्यास यकृताला बाधा होण्याची चिन्हे दिसतात, असा इशारा दिला. कपातला चहा आणि कुपीतला अर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

हळदीबाबत मराठी घरांत अभिमान असणे स्वाभाविक आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकेने दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे नेतृत्व रघुनाथ माशेलकर करत होते, आणि तो लढा इथे अजूनही आठवला जातो. पण तो लढा पारंपरिक ज्ञानाच्या मालकीचा होता, मेद उतरवण्याच्या गुणाचा नव्हे. हळदीत कुर्कुमिन वजनाच्या साधारण तीन टक्के असते, म्हणजे चमचाभर हळदीत जेमतेम शंभर मिलिग्रॅम. चाचण्यांत मात्र रोज ५०० ते १,५०० मिलिग्रॅम दिले जाते. कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून कसेबसे शोषले जाते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की मिऱ्यातील पायपरिन २० मिलिग्रॅम जोडीला दिल्यास रक्तातील त्याची उपलब्धता वीसपट वाढते, आणि तेलाच्या फोडणीत हळद टाकण्याची रीत या मेदस्नेही द्रव्याच्या स्वभावाला धरूनच आहे. चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांत कुर्कुमिनने सीआरपी आणि वजन किंचित उतरवल्याचे दिसते, तरी त्यांतील बहुतेक चाचण्या लहान आणि अल्पकालीन आहेत; शिवाय कुर्कुमिन प्रयोगशाळेतील अनेक कसोट्यांना स्वतःच्या रंगाने आणि क्रियाशीलतेने फसवते व नसलेला गुण असल्याचा भास निर्माण करते, हे औषधरसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सविस्तर मांडले आहे. मसाला म्हणून हळदीचे स्थान अबाधित राहते. औषध म्हणून तिची परीक्षा अजून पुरती उत्तीर्ण झालेली नाही.

कोकमाची गोष्ट त्याहून कमी ठाऊक आणि अधिक बोलकी आहे. कोकण आणि गोव्यात सोलकढीत, आमटीत आमसुलाच्या रूपाने जाणारे हे फळ लालभडक अँथोसायनिन रंगद्रव्ये आणि गार्सिनॉल या अँटिऑक्सिडंटांनी संपन्न आहे, आणि त्याच्या आंबटपणाचे मुख्य कारण असलेले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल साखरेपासून मेद बनवणाऱ्या मार्गातील एक विकर अडवते. याच कुळातील केरळच्या कुडमपुळीपासून काढलेला या आम्लाचा अर्क नव्वदीच्या दशकात वजन घटवणारा म्हणून जगभर विकला जाऊ लागला. न्यूयॉर्कमध्ये १३५ जणांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांना कमी उष्मांकांचा, तंतुमय आहार दिला गेला आणि निम्म्यांना जोडीला रोज १,५०० मिलिग्रॅम आम्ल. १२ आठवड्यांनी अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने उतरले, म्हणजे अर्काचा काडीचाही फायदा झाला नव्हता. उतरले ते आहाराने. पुढे अशा अर्कांशी यकृताच्या इजेचीही प्रकरणे जोडली गेली. तरीही ‘कोकमाने चरबी वितळते’ हे वाक्य आजही बाटल्यांच्या वेष्टनांवर डौलाने मिरवते. आणि त्या बाटलीतील कोकम सरबतात साखर किती, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

सुट्या द्रव्यांच्या या निराशाजनक पटाशेजारी संपूर्ण आहाराचा पुरावा ठेवला की फरक डोळ्यांत भरतो. अमेरिकेतील १,२४,०८६ स्त्री-पुरुषांची २४ वर्षांपर्यंत माहिती ठेवणाऱ्या अभ्यासात ज्यांच्या आहारात अँथोसायनिन आणि तत्सम फ्लेव्होनॉइडे वाढली त्यांचे वजन तुलनेने कमी वाढले; अर्थात फरक चार वर्षांत सुमारे शंभर ग्रॅमचा, आणि फळे अधिक खाणारा माणूस इतर बाबतींतही सांभाळून राहतो हा संशय अशा निरीक्षणांना कायम चिकटलेला असतो. स्पेनमधील ७,४४७ जणांच्या चाचणीत ऑलिव्हचे अपरिष्कृत, पॉलिफिनॉलयुक्त तेल किंवा सुकामेवा भरपूर घालून भूमध्यसागरी पद्धतीचा आहार देण्यात आला. गट पाडण्यातील त्रुटींमुळे तिचा २०१३ चा निबंध मागे घेऊन २०१८ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. तरी हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांतून होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष टिकला. उष्मांकांवर बंधन नसताना आणि तेल सढळ असताना वजन वाढले नाही, दाहाची काही मोजमापे उतरली. इथे कोणते एक द्रव्य कामी आले हे सांगता येत नाही आणि ते शोधण्याचा हट्टही कदाचित चुकीचा आहे. तंतू, मेदाचा प्रकार, पॉलिफिनॉल, आणि त्यांच्यामुळे ताटातून हद्दपार झालेले मैद्याचे व साखरेचे पदार्थ, हे सगळे एकाच वेळी बदललेले असते. पेरूच्या १०० ग्रॅम गरात २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व मिळते, तेवढेच गोळीतूनही मिळेल. पण पेरू खाल्लेल्या माणसाच्या पोटात वडापावाला जागा कमी उरते, ही गोळीच्या आवाक्याबाहेरची गोष्ट आहे.

भारतीय शरीराबाबत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो उलगडला गेला पुण्यात. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले: दोघांचा उंची-वजन निर्देशांक नेमका २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा ज्याला सडपातळ म्हणतो त्याच्या पोटात मेद आणि रक्तात दाह असू शकतो, हे त्या एका चित्राने सांगितले. पुणे जिल्ह्यातील गावांमधल्या नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो, पण कमी होते ते मुख्यत्वे स्नायू आणि पोटातील अवयव, त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता. म्हणूनच भारतीयांसाठी अतिरिक्त वजनाची सीमा २५ ऐवजी २३ आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ धरली जाते, आणि म्हणूनच २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के प्रौढांत, पण पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्क्यांत आढळला. युरोप-अमेरिकेतील चाचण्या वजनाच्या काट्यावर निकाल लावतात. इथे कंबरेच्या घेरावर तो लावायला हवा.

याच पुण्याच्या अभ्यासाने पोषणद्रव्ये सुटी सुटी देण्याबाबतही एक धडा दिला आहे. गर्भारपणात ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. फोलेट हे अँटिऑक्सिडंट नव्हे, पण तर्क तोच लागू पडतो: जोडीने काम करणाऱ्या द्रव्यांपैकी एकाचाच साठा वाढवला तर तोल सुधारण्याऐवजी ढळू शकतो. क जीवनसत्त्व झिजलेल्या ई जीवनसत्त्वाला पूर्ववत करते, ग्लुटाथायोन क जीवनसत्त्वाला. ही साखळी एका कडीला सोन्याचा मुलामा देऊन बळकट होत नाही.

शेवटी एका दुर्लक्षित बाजूकडे वळले पाहिजे. आहारातून अँटिऑक्सिडंट किती येतात याचा हिशेब सगळे करतात, ऑक्सिडीकरण झालेले पदार्थ किती येतात याचा फारच थोडे. करडई किंवा सूर्यफुलाच्या तेलात ई जीवनसत्त्व विपुल असते, पण त्याच तेलांतली बहुअसंतृप्त मेदाम्ले उष्णतेने चटकन ऑक्सिडीकृत होतात. कढई पुन्हा पुन्हा तापवली की आधी ई जीवनसत्त्व संपते, मग पेरॉक्साइडे साचतात आणि ती फुटून आल्डिहाइडे बनतात, जी शरीरात दाहाच्या त्याच कळा दाबतात ज्या मेदपेशी आतून दाबत असते. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तापून बिघडलेल्या द्रव्यांचे, प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरण्यास मनाई केली आणि मोठ्या उपाहारगृहांत ते मोजण्याची साधनेही आली. दिवाळीच्या चकल्या-शेवेनंतर गाळून बरणीत भरलेल्या आणि पुढचे दोन आठवडे फोडण्यांना व पुऱ्यांना पुरवलेल्या घरच्या तेलाला मात्र असे कोणतेही मोजमाप लागत नाही. त्याच्या पिशवीवर छापलेले ई जीवनसत्त्वाचे आकडे चकल्यांच्या कढईतच उडून गेलेले असतात.